हात न लागलेली बॅग

मला तोंड आहे, हे मिरकरवाडा बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे. लिलावात उभी राहिले की चार माणसं जरा बेतानंच बोलतात. मासळी घेते, बाजारात बसून विकते, उरलेली सुकवते. आईनं हेच केलं, सासूनं हेच केलं. दहावीपर्यंत शाळेत गेले म्हणून आज हे लिहायला बसले, नाहीतर माझं सगळं बोलण्यातच संपतं. पण त्या दिवशी बॅगेच्या दुकानात मला एक शब्द सुचला नाही. कुणी ऐकवलं तर व्याजासकट परत करणारी बाई मी, आणि तोंड मिटून बाहेर आले.

मुलगी इंजिनियर झाली आणि तिला बंगळूरला नोकरी लागली. माहेर धरा, सासर धरा, विमानात बसणारी ती पहिलीच. ठरलं असं होतं की मी तिच्याबरोबर जायचं, तिची खोली लावून द्यायची, थोडे दिवस राहायचं आणि परत यायचं. गोव्यापर्यंत रेल्वे, पुढे विमान. मी तोंडानं म्हणत होते, "मला कशाला गो नेतेस, माझा धंदा कोण बघणार?" पण आतून कधी एकदा निघते असं झालं होतं. शेजारच्या जावेला माझी ही बातमी सांगून झाली होती, आणि ती विसरली असेल म्हणून परत सांगून झाली होती.

मुलगी मोबाइलवर बॅगा बघत बसायची. विमानात जवळ घेऊन बसायच्या बॅगेला म्हणे सात किलोच्या वर सोडत नाहीत. मग बॅगच जड असली तर आत भरणार काय, कपाळ? म्हणून बॅग अगदी हलकी हवी. शिवाय तिला एक तऱ्हेची हवी होती. पट्टे बाहेर काढले की पाठीवरची सॅक, आणि तेच पट्टे मागच्या कप्प्यात ढकलून चेन लावली की हातात धरायची बॅग. "ऑफिसच्या कामाला कुठं पाठवलं तरी हीच चालेल, आई. मीटिंगला नेली तरी कुणी हसणार नाही." मला ते पटलं. पण नुसता फोटो बघून घ्यायची, हे काही पटेना. मी म्हटलं, "हात लावल्याशिवाय मी बोंबीलसुद्धा घेत नाही, आणि तू एवढी बॅग घेणार?" ती म्हणाली, मोबाइलवरून स्वस्त पडते, नाही आवडली तर परत घेतात. मी ऐकतेय कशाला. दुकानात जाऊन घ्यायची म्हणजे दुकानात जाऊनच घ्यायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

त्या दिवशी मी सकाळचा बाजार लवकर आवरला. आंघोळ केली, हातांना लिंबू चोळलं, परत साबण लावला. लग्नाकार्याची साडी काढली, पावडर लावली. आमचा वास आम्हाला येत नाही, म्हणून आपली दुसऱ्यासाठी काळजी घ्यायची. बांगड्यांच्या खाली राहतो, नखांच्या कडेला राहतो, केसांत तर राहतोच. मला वाटलं, झालं, गेला.

दुकान काचेचं, आत एसी. दार लागलं की बाहेरची हवा बाहेर आणि आतली आत. दुकानवाला तरुण होता. मुलीला म्हणाला, "या मॅडम," आणि मला म्हणाला, "बसा मावशी." मी कसली बसते. त्यानं दाखवायला ठेवलेली निळी बॅग काढली, मुलीला ती पसंत पडली, आणि मी पुढे झाले. एका बोटावर उचलून बघितली. हलकी होती खरी. शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणली. पट्टे जिथे जोडलेत तिथे ओढून बघितलं, ओझ्यानं सुटतं ते तिथंच. चेन उघडून कोपरापर्यंत हात आत घातला आणि अस्तर चाचपलं. मागचा तो पट्टे लपवायचा कप्पा उघडला, त्यात पट्टे घातले, काढले, परत घातले. आणि मग बॅग नाकाशी नेली. ते मी मुद्दाम नाही केलं. कुठलीही वस्तू घेताना आधी डोळा, मग बोट, मग नाक, हे आमच्या हाडात आहे. मासळी अशीच घेतात. कल्ला उचलायचा, पोट दाबायचं, वास घ्यायचा.

पलीकडे एक बाई नवऱ्याबरोबर ट्रॉली बॅग बघत होती. तिनं रुमाल काढून नाकाला लावला आणि दोन पावलं सरकली. त्याचं मला काही वाटलं नाही. असल्या बायका रोज भेटतात. नाक मुरडतात, आणि सुरमईचा तुकडा जरा मोठा मारा म्हणून तेच नाक वर करून सांगतात. तिला देण्याजोगं उत्तरही माझ्या जिभेवर तयार होतं. मुलीसमोर नको म्हणून गिळलं. मुलीला म्हटलं, "हीच घे. शिवण पक्की आहे."

मुलगी बॅग घेऊन काउंटरवर गेली. माझ्याकडे तिची पाठ होती. आवाज खाली आणून ती दुकानवाल्याला म्हणाली, "हा पीस नको. पॅक असलेला द्या."

तो म्हणाला, "मॅडम, हासुद्धा नवाच आहे. आज सकाळीच काढलाय."

"माहितेय. तरी पण दुसरा द्या ना. हात न लागलेला."

तो बघायला लागला. आधी तिच्याकडे, मग बॅगेकडे, मग माझ्याकडे. आणि त्याला कळलं. नुसतं "बरं" म्हणाला, आत गेला आणि प्लॅस्टिकमध्ये बंद असलेली बॅग घेऊन आला.

तिला वाटलं, मला ऐकू गेलं नाही. लिलावात शंभर माणसं ओरडत असताना कोण कुणाच्या कानात काय पुटपुटतं ते ऐकणारा माझा कान, त्याला ऐकू जाणार नाही? राग आला असता तर फार बरं झालं असतं. राग मला येतो, मी चार शब्द बोलते, तो जातो. हा राग नव्हता. मला लाज वाटली. माझ्या हातांची वाटली, त्या साडीची वाटली, पावडर थापून आले होते त्याची तर सगळ्यात जास्त. मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि दारापाशी जाऊन उभी राहिले.

रिक्षात मुलगी भरभर बोलत होती. हलकी आहे ना, रंग छान आहे ना, चेन किती मऊ चालते. मी हूं हूं करत होते. मध्येच म्हणाली, "बॅग मैत्रिणीकडे ठेवते गं. आपल्याकडे दमट आहे, बुरशी येईल." तिची मैत्रीण वर मारुती मंदिराकडे राहते. आमच्या पडवीत वाकट्यांची मासळी वाळत टांगलेली, मागच्या अंगणात सुकट पसरलेली. मी म्हटलं, "ठेव. बरोबर आहे तुझं." आणि ती मला सोडून तशीच बॅग घेऊन पुढे गेली.

त्यानंतर मी हात धुण्याचा सपाटाच लावला. लिंबू, चिंच, राख, कोकमाची सालं, कुणी काय सांगेल ते. कातडी फाटली आणि सकाळी मासळीला मीठ लावताना जीव जायची वेळ आली. ह्याच हातांवर ही पोर शिकली, असं मनात यायचं. मग तसं मनात आलं याचीच शरम वाटायची. ऐकवून दाखवायला का शिकवली तिला?

तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा मी सांगितलं, "मी काय येत नाही गो. गुडघे दुखतात, आणि बाजारातली जागा सोडली तर दुसरी येऊन बसेल." ती मोबाइलवर माझं नाव घालत होती. थांबली. म्हणाली, "नक्की?"

"नक्की."

"बरं," ती म्हणाली, आणि एकच तिकीट काढलं.

मी वाट बघत होते. आमच्याकडे पाहुण्यानं भात नको म्हटलं तरी तीनदा विचारतात, चौथ्यांदा न विचारता वाढतात. तिनं परत एकदा जरी म्हटलं असतं, चल ना आई, तर मी गुडघ्यांसकट उठून गेले असते. तिनं म्हटलं नाही. त्या रात्री जेवताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही तिच्याकडे बघितलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी बॅग घरी आली. नवरा तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख आहे, तो आदल्या दिवशीच बोट लावून घरी आला होता. त्याला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोरीची बॅग बघून तो नुसता हरखून गेला. वजन करायला माझा मासळीचा काटा घेऊन आला आणि बॅग आता आकड्याला अडकवणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "नको बाबा, त्याला..." आणि थांबली. "नको, मी केलंय वजन." मी चुलीकडे तोंड केलं.

मी बरोबर काही दिलं नाही. कोकम नाही, कुळथाचं पीठ नाही, सोडे तर नाहीच. आमच्याकडचं माणूस नुसतं चिपळूणला निघालं तरी त्याच्या हातात काहीतरी जातं, आणि माझी पोर एवढ्या लांब चालली होती. सोलून सुकवलेल्या कोळंबीचे गुलाबी सोडे डब्यात भरून ठेवलेले होते. जाऊ विचारायला आली, "काय काय दिलंस?" मी म्हटलं, "विमानात चालत नाही." धडधडीत खोटं बोलले.

स्टेशनवर गेले, पण हातभर लांब उभी राहिले. गाडी आली तेव्हा मुलगी वाकून पाया पडली. आशीर्वादाला मी हात उचलला आणि तो तसाच वर धरला, तिच्या डोक्याला लावला नाही. तिनं नुकतेच केस धुतले होते.

फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. सुखरूप पोचल्याचं आधीच कळलं होतं, म्हणून मी जरा निवांत होते. नवरा बाजूला बसून जाळं विणत होता. ती म्हणाली, "आई, बॅगेत सोडे कुणी घातले?"

मला वाटलं, विमानतळावर चारचौघांत हिची बॅग उघडायला लावली असेल, वास सुटला असेल, लोकांनी रुमाल काढले असतील. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नाही घातले गो. तुझी शप्पथ. मी नाही."

नवऱ्यानं जाळं खाली ठेवलं. हळूच म्हणाला, "मी घातले. पाठीला लावायला तिनं पट्टे बाहेर काढले होते ना, तो मागचा कप्पा रिकामाच होता. प्लॅस्टिकात घालून टेप मारली घट्ट. पोरीला काय मोकळ्या हातानं पाठवायची?"

तोही आवाज तिला ऐकू गेला असणार. ती म्हणाली, "मी ओरडायला फोन नाही केला. किती वेळ भिजवायचे ते विचारायला केला. खोलीत एक मुलगी आहे, तीही खाते." मग म्हणाली, "शप्पथ कशाला घेतलीस, आई?"

स्वतःच्या लेकीला खायला दिलं नाही, अशी कुठली आई शप्पथ घेते? चोरी केली नाही म्हणून सांगावं तसं मी सांगितलं होतं.

"दुकानात तू ऐकलंस ना?" ती म्हणाली.

"ऐकलं."

"म्हणून आली नाहीस?"

गुडघे सांगता आले असते, बाजारातली जागा सांगता आली असती. मी म्हटलं, "हो. आणि मी ऐकलंय हे तुला तिकीट काढतानाच कळलं होतं. तरी चल म्हणाली नाहीस. मी येऊ नये असंच वाटत होतं ना तुला?"

मला वाटत होतं तिनं नाही म्हणावं. खोटं म्हणाली असती तरी मी ते घट्ट धरून ठेवलं असतं. ती म्हणाली, "हो."

मी खाली बसले. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तिकडे ती रडायला लागली होती आणि मला तिला रडू नको म्हणता येत नव्हतं. तिचं नाक ओढून झालं, तेव्हा मी म्हटलं, "कोमट पाण्यात घाल. बोटानं दाबून बघ, मऊ झाले की काढ. कांदा जरा जास्त घे." ती हूं म्हणाली.

"आणि करताना खिडक्या उघड सगळ्या," मी म्हटलं, "लोकांना वास येईल."