डाव्या गुडघ्यावरचा बाण

त्या डाव्या गुडघ्यावरचा काळा बाण अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मी निपाणीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. पोलीस खात्याने एवढ्या लांब म्हैसुरात आणून पोटाला लावलं, ते उपकार विसरणार नाही. पण समोर डॉक्टर-वकील आला की मला घाम फुटायचा.

त्या सकाळी कुवेंपुनगरातल्या हाडांच्या डॉक्टरांचा ठाण्यात फोन आला. "मला कोर्टात खेचायचा कुणीतरी डाव रचलाय." पेशंट बन्नूरचे म्हातारे शेतकरी, घरात मराठी बोलणारे, म्हणून साहेबांनी मलाच पाठवलं.

चुकून भलताच पाय कापला जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी दुखऱ्या उजव्या गुडघ्यावर पेनाने बाण काढला होता. ऑपरेशनआधी बघतात तर डाव्यावरही बाण! "कुणी काढला ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही," ते म्हणाले.

आजोबा पलंगावरून हात जोडत होते, उशाशी त्यांच्या आजी बसल्या होत्या. "परत खुरडत बन्नूरला जाऊ काय सार?"

मी नर्सचा जबाब घेतला. डावा गुडघा बोटाने तपासला, कपाळाचा घाम पुसला आणि आयाबाईला दरडावलं, "खरं बोल!" ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "सार, तुम्हाला तीट कुणी लावली?"

आरशात पाहिलं. कपाळावर काळं. म्हणजे डावा बाण शाईचा नव्हताच, काजळाचा होता! आणि खोलीत डोळे भरून काजळ घातलेल्या फक्त आजी.

"आजी, हे तुम्ही?"

"होय की! आमच्या बन्नूरला संक्रांतीला जोडीतल्या एकाच बैलाला रंगवतात काय? डाव्यानं काय पाप केलं?"

"आणि दोनी कापले असते तर?" आजोबा ओरडले.

"अय्यो, गप पडा तुमी! बाण कशाला ते मला कोण सांगितलं?"

डॉक्टर आजींपुढे स्टूल ओढून बसले. मग त्यांनी आजींना सगळं समजावलं, त्यांच्याच हाताने काजळ पुसून घेतलं आणि आजोबांना विचारलं, "कुठला पाय?"

"उजवा सार, उजवा!"

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. संशयित मोकळी सुटली.

काय करायचं ते आपण लोकांना बजावतो, कशासाठी ते सांगत नाही आणि मग गुन्हेगार शोधत बसतो. मी एवढंच शिकलो. डॉक्टरही शिकले असावेत, कारण परवा माझ्याच गुडघ्याची पाळी आली, तेव्हा बाण काढून त्यांनी आमच्या मंडळींना सगळं नीट सांगितलं. तिने मान डोलावली. "गुडघ्यावर नको, कळलं. तीट कानामागे लावली तर चालेल?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "पेशंटची संमती आहे?"

मी दिली.