गाडीत जागा नाही

हिरामण सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होता. मूळचा पेठकडचा, डोंगरातल्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळेत शिकला, नाशिकला आयटीआय केलं आणि शहाण्णव साली कामाला लागला. हात चांगला होता, बोलणं कमी. पहिल्याच वर्षात त्याने आपली घरची बोली पार मोडून टाकली. कँटीनमध्ये तो पुस्तकातल्यासारखं बोलायचा. कुणी घरचं विचारलं तर सांगायचा, वडील शेतकरी होते, भाताची शेती होती, हार्ट अटॅकने गेले. दर दिवाळीनंतर फोरमन दीपकसाठी तो पिशवीभर घरचा तांदूळ आणायचा. तो तांदूळ पेठच्या बाजारातून विकत घेतलेला असायचा.

खरं असं होतं, की त्याचा बाप पुंजा आणि आई चिमणाबाई भातकापणी उरकली की मुकादमाच्या ट्रकमधून मजुरीला जायचे. कधी द्राक्षाच्या बागेत, कधी रस्त्याची खडी फोडायला. एका वर्षी ट्रक फार लांब गेला, पार तळकोकणात, केळबंदर नावाच्या गावाला. तिथे बोटींसाठी समुद्रात धक्का बांधायचं काम चाललं होतं. दगड उतरवताना एक धोंडा घसरून पुंजाच्या छातीवर आला. त्याला तिथेच किनाऱ्यावर अग्नी दिला आणि चिमणाबाई एकटीच परत आली. हिरामण तेव्हा आश्रमशाळेत होता. बापाचं तोंडही त्याला दिसलं नाही.

यातलं काहीच त्याने कारखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं. पुढे आईला अशोकनगरच्या खोलीवर राहायला आणलं, तेव्हाही कारखान्यातलं कुणी घरी येणार असलं की तो तिला शेजारी बसायला पाठवायचा.

दोन हजार एकच्या पावसाळ्यात दीपकने कोकणच्या सहलीचं काढलं. साडूची सुमो होती, दिवाळीची सुट्टी होती. दोन घरं मिळून जायचं ठरलं, दीपकचं आणि हिरामणचं. दीपकने एसटीचा एक जुना नकाशा टूलरूमच्या कपाटावर चिकटवला आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापुढे रोज वाद रंगू लागले. कसारा उतरून पनवेलवरून गोवा हायवे धरायचा, की पुणे-कोल्हापूर करून घाट उतरायचा? ज्यांना जायचं नव्हतं तेही हिरिरीने बोलायचे. मुक्काम कुठे, डिझेल कुठे, पोरांना घाट लागला तर काय, सगळं झालं. मग दीपकने नकाशाच्या अगदी खाली, किनाऱ्यावर बोट ठेवलं. तिथे अजून कुणी फिरायला जात नाही, वाळू पांढरीशुभ्र आहे, ताजी मासळी मिळते, असं साडूने सांगितलं होतं. गाव होतं केळबंदर.

हिरामण म्हणाला, फार लांब पडेल, रस्ते खराब असतील, त्यापेक्षा अलिबाग बरं. कुणी ऐकलं नाही. आणखी जोर लावला तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून तो गप्प बसला.

घरी त्याची बायको सरिता हरखून गेली होती. तिने समुद्र पाहिला नव्हता, आणि सासरा कुठे वारला हेही तिला नेमकं माहीत नव्हतं. तिने भोळेपणाने सासूला गावाचं नाव सांगितलं. त्या संध्याकाळी हिरामण कामावरून आला, तेव्हा चिमणाबाई दारातच बसली होती.

"मला बी न्या," ती म्हणाली. "तुझ्या बाच्या नावानं दोन फुलं सोडीन पाण्यात. दुसरं काय नको मला."

हिरामणच्या डोळ्यांपुढे एकदम सगळं उभं राहिलं. आईचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं, मिशरीने काळे दात, आणि दीपकच्या बायकोशेजारी बसून ती मोकळेपणाने सांगतेय की आम्ही हितं डोक्यावरून धोंडे वाहिले.

"आई, गाडीत जागा नाही," तो म्हणाला. "माणसं मोजून घेतलीत."

"बरं," चिमणाबाई म्हणाली, आणि आत गेली.

सुट्टी जवळ आली तशी एका रविवारी सकाळी दीपकची बायको मोहिनी अचानक घरी आली. वाटेत खायला कोणी काय करायचं, ते ठरवायचं होतं. दशम्या सरिताने करायच्या, चिवडा मोहिनीने, असं चाललं होतं. चिमणाबाई खाली बसून मेथी निवडत होती. तिला शेजारी पाठवायला या वेळी हिरामणला सवडच मिळाली नव्हती. मोहिनी तिच्याकडे वळून म्हणाली, "काकू, तुम्हीही चला ना. आमच्या सासूबाई येत नाहीत, एक जागा रिकामीच जातेय. ह्यांनी भाऊजींना मागेच सांगितलंय."

सांगितलं होतं. आठवडा होऊन गेला होता.

चिमणाबाईने मान वर करून मुलाकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ती मोहिनीला म्हणाली, "त्यानं इचारलं व्हतं मला. मीच नाय म्हणले. गुडघं दुखतात माझं."

हिरामण मोरीजवळ उभा होता. घाटात डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढणारी ती बाई गुडघ्याचं नाव कधी काढत नव्हती. त्याचं खोटं झाकायला तिने स्वतः खोटं उचललं होतं, तेही त्याने न मागता.

मोहिनी गेली. सरिताने सगळं ओळखलं. ती भांडी जोरात ठेवू लागली. चिमणाबाईने नेहमीसारखं त्याला जेवायला वाढलं. ती रागावली असती, रडली असती, तर त्याला घास तरी गिळता आला असता. शेवटी ताटावरून तो म्हणाला, "आई, तू चल."

"नको," ती म्हणाली. "तुला अवघड व्हईल."

म्हणजे तिला सगळं कळत होतं. शेजारी बसायला पाठवायचा, तेही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हिरामणने दीपकला नकाशापाशी गाठलं आणि सांगून टाकलं. बाप, ट्रक, धोंडा, आईला दिलेलं उत्तर, तांदूळसुद्धा. सांगताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही. आजूबाजूला दोघंतिघं होते, त्यांनीही ऐकलं. त्यांच्यातल्या एकाच्या वागण्यात पुढे जरा फरक पडला, नाही असं नाही. दीपक मात्र नकाशाकडे बघत म्हणाला, "मग आईंना पुढे बसवू. पुढे घाट लागत नाही."

एवढंच. ज्या गोष्टीसाठी त्याने इतकी वर्षं आईला दडवलं, तिचं वजन समोरच्या माणसाला एवढंच वाटलं. याची हिरामणला जास्तच लाज वाटली.

घरी येऊन तो आईच्या पुढ्यात बसला. "म्या सांगलं त्यांना," तो म्हणाला. "बा कसा गेला, तं बी." कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडात घरची बोली आली होती. चिमणाबाईने सरिताला विचारलं, तिकडं थंडी असते का.

ते पुण्या-कोल्हापूरवरून गेले. चिमणाबाई पुढे ड्रायव्हरशेजारी खिडकीला धरून बसली होती. घाट दीपकच्या पोरांनाच लागला. केळबंदरचा धक्का कधीच बांधून झाला होता. त्याला होड्या लागल्या होत्या, मासळीच्या पाट्या उतरत होत्या. चिमणाबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, पण नवऱ्याला जाळलं ती जागा तिला सापडली नाही. वाळू हलली होती, मागे घरं उभी राहिली होती. शेवटी तिने धक्क्यावरूनच फुलं सोडली. दीपकच्या मुलीने विचारलं, आजी काय करतेय?

"माझे वडील हा धक्का बांधताना गेले," हिरामण सगळ्यांदेखत म्हणाला. मोहिनीने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

त्यानंतर चिमणाबाई बरीच वर्षं जगली. पाड्यावर गेली की, अशोकनगरच्या नळावर उभी राहिली की, ती सांगायची, माझ्या हिरामणानं मला दर्यावर नेलं, गाडीत सगळ्यांच्या पुढं बसवलं. त्याआधीचं ती कुणालाच सांगत नसे. बायका म्हणायच्या, पोरगा असावा तर असा. हिरामण तिथे असला तर मान खाली घालून बाहेर निघून जायचा. लोकांना वाटायचं, स्वभावाने लाजाळू आहे.