गच्चीवरचं लाल पातळ

राजूरला आमच्या शेजारी एक कारकून राहायचे. दर रविवारी ते सकाळीच डोंगर चढायचे. गावाला त्यांच्या निसर्गप्रेमाचं भारी कौतुक. एकदा मीही सोबत गेलो.

माथ्यावर पोचताच ते धरणाकडे पाठ करून बसले आणि दुर्बीण गावाकडे लावली.

"धरण तिकडं आहे," मी म्हणालो.

"धरन कुठं पळून जातंय, गुरुजी? गच्चीवरचं पातळ बघतोय."

त्यांचे साडू, मेहुणे, मेहुण्यांचे साडू रविवारी जीप भरून धबधबा बघायला यायचे आणि जेवायला यांच्याकडे. यजमान घरी नसले की चहावर भागायचं. गच्चीवरच्या अँटेनावर बायकोनं टाकलेलं लाल पातळ दिसलं की पाहुणे आहेत, हिरवं दिसलं की गेले, खाली उतरायचं.

त्या दिवशी अँटेनावर काहीच नव्हतं. थोड्या वेळानं त्यांची बायकोच डबा घेऊन धापा टाकत वर आली.

"कोपरगावची जीप आली. लई मानसं हायत. मी आपलं कुलूप घातलं."

"आन त्यांना कुठं बसवलं?"

"गुरुजींच्या वट्यावर."

त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. माझ्या ओट्यावर पंगत बसली होती आणि माझी बायको वाढत होती.

"वैनी लई मोठ्या मनाच्या," डबा उघडत ते म्हणाले. "घ्या, पिठलं घ्या."

मी घेतलं.

संध्याकाळी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती खरकटी भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढच्या रविवारी डोंगर मी चढणार. तुम्ही गच्चीवर काय वाळत घालणार, ते आत्ताच सांगून ठेवा."