तांब्यातला फोन
रिकाम्या तांब्यात चमचा पडला, की मला अजून देऊळघाटच्या घरातला फोन वाजल्यासारखा वाटतो. पंधराएक वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ कंपनीकडून महिनाभर जर्मनीला गेला होता. त्याचा नंबर रोमिंगवर, आपण उचलला की त्याचे पैसे कटणार. म्हणून रोज संध्याकाळी सातला त्याने दोनच घंट्या द्यायच्या, त्या म्हणजे खुशाली, आणि इकडे कुणी फोन उचलायचा नाही, असं ठरलेलं. घंटी मोठ्याने ऐकू यावी म्हणून आई फोन रिकाम्या तांब्यात उभा करून समोर बसायची. मी दिवसभर कापूस वेचून आलेलो, बोटं सोललेली, पोटात आग, आणि ती तांब्यावरची नजर न काढता म्हणायची, "थांब जरासा, त्याची घंटी येऊ दे." एकदा ती देवाजवळ दिवा लावायला आत गेली आणि तांब्या घणघणला. कटू दे त्याचे पैसे, म्हणून मी फोन उचलून मुकाट्याने कानाला लावला. "उचलला काऊन वो माय?" तो ओरडला, मग त्याचा आवाज एकदम उतरला. "आता उचललाच तं आयक, मले इथं गमत नाई. दादाचं बरं हाय, रोज तुह्या हातची गरम भाकर खाऊन राह्यला." मी फोन बंद केला. "आली का रे घंटी?" आईने आतून विचारलं. "आली," मी म्हटलं, "वाढ आता." आईला जाऊन चार वर्षं झाली. भावाला अजूनही वाटतं, त्या दिवशी ते तिनेच ऐकलं होतं.