कबुतरांसाठी टांगलेल्या सीड्या

चाकणपासून थेरगावपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या मेहुण्याइतका दोष शोधणारा माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या घरच्यांनी तो माझ्याइतका सहन केलेला नसेल. चाकणच्या एका कंपनीत तो तपासणी विभागात आहे. गाड्यांच्या सुट्या भागांवर हिरवी किंवा लाल पट्टी चिकटवणं हे त्याचं काम. सुटताना ती पट्टी तो गेटच्या आत ठेवून येतो, असा कंपनीचा समज असावा. आमच्या लग्नात त्याने जिलबीचे वेढे मोजले होते. मला पहिल्यांदा पाहिल्यावरही तो बहिणीच्या कानात काहीतरी पुटपुटला होता. काय म्हणाला, असं मी तिला पुढे वीस वर्षं विचारत राहिलो. "'चालेल' म्हणाला," एवढंच ती सांगायची आणि हसायची.

त्या दोघांच्या आईची दहा-बारा गाणी होती, परभणीकडच्या त्यांच्या गावातली, कुठेही न लिहिलेली. आई गेल्यावर ती एकट्या माझ्या बायकोला येत होती. ती टिकावीत म्हणून मेहुण्याने एक माइक आणि जुना कॉम्प्युटर मिळवला आणि या मोबाइलच्या दिवसांत ऑडिओ सीडी काढायचं ठरवलं. "मोबाइलमधलं कुणीही पुसतं, दाजी," तो मला म्हणाला. "सीडी एकदा मारली की मारली. मग तिला कुणाचा हात लागत नाही."

रेकॉर्डिंग त्याच्या थेरगावच्या फ्लॅटमध्ये व्हायचं. घरामागे वर्कशॉप, त्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसची दर चार सेकंदांनी धप्प. गुरुवारी सुट्टी म्हणून प्रेस बंद असायचा, पण दुरुस्तीसाठी वीजही नेमकी गुरुवारीच जायची. शांतता असेल तर वीज नाही, वीज असेल तर शांतता नाही. या दोहोंच्या फटीत जो अर्धा-पाऊण तास सापडे, त्यात तो पंखा बंद करी, फ्रिज बंद करी (दोनदा दूध नासलं) आणि आवाज घुमू नये म्हणून भर मे महिन्यात बहिणीच्या डोक्यावर गोधडी टाकी.

"अरे, मी गाणं म्हणू का वाफारा घेऊ?" गोधडीतून आवाज यायचा.

"ताई, परत. वाफारा रेकॉर्ड झाला."

मग मास्टरिंग. हेडफोन लावून तो पडद्यावरची आवाजाची रेघ मोठी मोठी करत बसायचा. कुकरची शिट्टी काढली, बांगड्या काढल्या, शेजारच्यांचं भांडण काढलं. इथवर मी त्याचं कौतुकच करत होतो. पण तो दोन ओळींमधला तिचा श्वासही काढायचा. लोखंड कापल्यावर कडेला जी बारीक धार राहते तिला हे लोक बर म्हणतात. "श्वास म्हणजे बर, दाजी. राहिला की गिऱ्हाइकाचा हात कापतो." प्रत्येक दुरुस्तीनंतर नवी सीडी, तीही सगळ्यात कमी स्पीडवर, तेवढ्यात इकडे भात शिजून व्हावा. ऐकली की नापास. मग तिच्यावर लाल मार्करने कारण आणि खाली सही: 'रिजेक्ट – कुकर', 'रिजेक्ट – श्वास', 'रिजेक्ट – परत श्वास'. नापास सीड्या दोऱ्यात ओवून तो बाल्कनीत टांगायचा, कबुतरं यायला नकोत म्हणून. "चला, कबुतरं तरी माझ्या गाण्याला भितात," ती म्हणायची.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. दवाखान्यात तिचे श्वास मोजणारं मशीन होतं. मेहुणा रजा टाकून त्या आकड्यासमोर उभा राहायचा; एकही श्वास चुकू नये म्हणून जेवायला जात नसे. मी बघत होतो.

तेराव्यानंतर त्याने हिरवी पट्टी लावलेली सीडी माझ्या हातात दिली. घरी येऊन ती लावली. बारा गाणी, एकही डाग नाही. एक बाई कुठेही न थांबता, न थकता, श्वास न घेता गात होती. तिला मी ओळखत नव्हतो.

महिनाभर थांबलो आणि एका गुरुवारी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "मला मूळची दे. चुकांसकट."

तो मान खाली घालून बसला. "जागा पुरेना, दाजी. फायनल झाल्यावर मूळचं सगळं उडवलं."

"तुझ्या ताईत पास करण्यासारखं तुला काहीच सापडलं नाही का रे?" मी म्हणालो. इतकं वाईट मी आयुष्यात कुणाला बोललेलो नाही.

तो उठला, बाल्कनीत गेला आणि एकेक सीडी सोडवू लागला. नळाखाली धुतल्या, मऊ कापडाने पुसल्या, प्लेअरमध्ये घालून पाहिल्या. उन्हाने आतला थर खाल्ला होता. प्लेअर घरघरायचा आणि गप्प व्हायचा. शेवटची कूलरमागच्या सावलीत लटकत होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'रिजेक्ट – ताई हसली'.

ती लागली. आधी त्याचाच आवाज आला, "ताई, परत." मग गोधडीची सळसळ. मग गाणं सुरू करण्याआधी ती घ्यायची तो लांब श्वास. आणि सीडी तिथेच अडकली. हसू पुढे कुठेतरी होतं, तिथवर ती गेलीच नाही.

त्याने खिशातून मार्कर काढला आणि 'रिजेक्ट' खोडायला वाकला. मी त्याचा हात धरला. "राहू दे. सही तुझी आहे." हे मी त्याला लागावं म्हणूनच म्हणालो, आणि त्याला लागलं.

सीडी आता माझ्याकडे असते. तिची कॉपी काढू द्या, असं तो अधूनमधून म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्याचा हात मला माहीत आहे. यात नुकसान माझंच आहे, तेही माहीत आहे. गुरुवारी तो येतो. चहा होतो. सीडी कधी लागते, कधी लागत नाही. लावण्याआधी तो न सांगता उठतो, पंखा बंद करतो, मग फ्रिज. "ताई, परत," असं प्लेअरमधून ऐकू येतं, आणि तिचा श्वास नीट ऐकू यावा म्हणून आम्ही दोघं आपापले श्वास रोखून धरतो.