चाचांची तलवार आणि तळ्यातलं कासव

साऱ्या रियाध शहरात व्हिएतनामच्या इतिहासाची काळजी वाहणारा एकच माणूस होता आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. दापोलीकडचे हे चाचा एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचे. व्हिएतनाम त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. तरुणपणी कंपनीच्या खोलीत एक व्हिएतनामी वेल्डर सोबतीला होता, त्याने जेवताना सांगितलेल्या गोष्टी यांच्या डोक्यात घर करून बसल्या. त्या गोष्टींचा चाचांनी पत्त्यांचा खेळ केला होता आणि पत्ता न् पत्ता हाताने रंगवला होता. हत्तीवरून चिनी फौजेवर चालून गेलेल्या दोन बहिणी चक्क हिरव्या बांगड्या भरून बसल्या होत्या. "तिकडच्या बाया घालतात का हो बांगड्या?" चाचींनी विचारलं. "लढायला निघाल्यात, माहेरून कोणी भरल्या असतील की!" तळ्यातलं पवित्र कासव त्यांनी काढलं ते कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं तसं, वल्ह्यांसारख्या पायांचं. वेल्डरला फोटो पाठवला तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणे, हे तळ्यात मावायचं नाही. चाचांनी कासव बदललं नाही, तळं मोठं केलं.

दर शुक्रवारी बिर्याणीनंतर आम्हा शेजाऱ्यांना खेळायला बसावंच लागे. कासवाने लढाईपुरती राजाला दिलेली तलवार ज्याच्या हाती तो प्रत्येक हात जिंकणार; पण शत्रूचे पत्ते संपले की त्याने ती आपणहून कासवाला परत द्यायची. कोणी आठवण करायची नाही. न दिली तर सगळेच हरले. आम्ही दर शुक्रवारी हरायचो. "नियम बदला, चाचा," मी म्हणायचो. "इतिहास आहे तो, ऑफिसचं सर्क्युलर नाय बदलायला," ते खेकसायचे.

मग परदेशी माणसांच्या जागी सौदी नेमायचा, सौदीकरणाचा जोर वाढला. चाचांच्या खुर्चीसाठी वाळवंटातल्या हाइलचा एक सौदी तरुण आला आणि त्याला शिकवण्याचं काम चाचांच्याच गळ्यात पडलं. गावच्या घराचा वरचा मजला अजून अर्धाच होता, नोकरी त्यांना हवीच होती. हातचं राखून शिकवा, कंपनीला तुमची गरज पडू दे, असं मी स्पष्टच सुचवलं. चाचा मान डोलवायचे आणि त्या तरुणालाच शुक्रवारी बिर्याणीला घेऊन यायचे. नदीत खुंट ठोकून ओहोटीला शत्रूची जहाजं अडकवल्याचा पत्ता त्याला काही केल्या कळेना. हाइलला समुद्र कुठला! चाचांनी परातीत पाणी घेतलं, काड्या रोवायला कणकेचे गोळे मागितले, साबणाची डबी सोडली आणि परात हळूहळू कलती केली. डबी अडकली तसा तो टाळ्या पिटायला लागला. ऑफिसातलं कामही त्याला याच मायेने शिकवलं असणार, कारण तो लवकरच तयार झाला आणि चाचांची फायनल एक्झिट लागली, म्हणजे कायमचं गावी परतायचं.

निघण्याआधीच्या शुक्रवारी तलवार कधी नव्हे ती चाचांच्या हाती आली. शत्रूचे पत्ते संपले. चाचांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, कासवाखाली सरकवली आणि म्हणाले, "खलास. जिंकलो सगळे."

पहिल्यांदाच जिंकलो होतो आम्ही. हाइलचा तो तरुण उठला आणि त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांचं घेतात तसं त्याने चाचांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. आतून चाची विचारत होत्या, चहा किती जणांचा टाकू.