अक्काची फाल्गुनातली पानं

आमची अक्का दर फाल्गुनात पळसाची पानं आणायला रानात जायची. फाल्गुनात पळसाला एकही पान नसतं. हे साक्रीच्या आसपासच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आमच्या काकांना, कारण त्यांचं अर्धं आयुष्य धुळ्याच्या पेठेत कापड मोजण्यात गेलं होतं.

अक्का माझी थोरली सख्खी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच तिचा नवरा गेला आणि ती परत आली. आईवडील आधीच वारलेले, त्यामुळे आम्ही दोघं काकांकडेच होतो. साक्रीत आता त्यांचं स्वतःचं कापडाचं दुकान होतं आणि मी तिथेच काम करी. काका वाईट माणूस नव्हते. बाजार काय म्हणेल एवढीच भीती त्यांना होती. तरुण विधवेनं देवळात जावं, विहिरीवर जावं, कामासाठी कुठेही जावं. हिंडायला जाऊ नये. अक्कानं एकदा रानातली फुलं बघून येऊ का, असं विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, “फुलांशी आता तुझं काय काम?” पुढच्या वर्षी तिनं पानांचं काम काढलं. घरात पत्रावळी लागतातच, विकत का घ्यायच्या, म्हणाली. काटकसरीची गोष्ट काकांना लगेच पटली.

सोबतीला घरातला पुरुष हवा म्हणून मी, आणि गाडी सुपडूची. सुपडू रानाकडच्या एका खेड्यातला. पानं खरोखर येत ती वैशाखात, त्याची बायको आणून देई. त्यातला एक भारा अक्का माळ्यावर दगडाखाली दाबून ठेवी. फाल्गुनात तो पहाटे गाडीतल्या कडब्याखाली जाई आणि संध्याकाळी थोडं पाणी शिंपडून घरी परत येई. काका एक पान हातात घेऊन म्हणत, “यंदा पानं जरा वाळकीच आहेत.” अक्का म्हणे, “उन्हं कडक आहेत.” माझी बायको तोंडाला पदर लावून आत पळे.

टेकडीच्या पायथ्याशी गाडी सोडून आम्ही पाऊलवाटेनं चढायचो. अक्का नेहमी पुढे. सगळं रान करडं, वाळलेलं, आणि तिला समोरच्या उतारावरची गणेराची पिवळी फुलं माझ्या आधी दिसत. ती हात वर करून नुसती थांबायची. मग मी शोधायचं. मला सापडेपर्यंत ती पाऊल उचलत नसे, आणि मला वेळ लागला की सुपडू मागून म्हणे, “भाऊले फक्त दुकाननं मांजरपाट दिसस.” पळस, पांगारा, काटेसावर लांबूनही कळतात. अक्का खाली वाकून भुईरिंगणीचं जांभळं फूलही पाहायची, काटे टाळून, अगदी जवळून. एखाद्या फुलाचं नाव सुपडूलाही येत नसे. “असू दे, पुढच्या वर्षी ओळख काढू,” असं म्हणून ती पुढे जाई.

एका वर्षी मी धायटीची लाल डहाळी तोडून तिच्यापुढे धरली. तिनं हात पुढे केला नाही. म्हणाली, “तुझ्या बायकोला ने. तिला चालतं.” आवाजात राग नव्हता. थोडं चालल्यावर म्हणाली, “मी पाहायला येते. पाहायला अजून कुणी बंदी केलेली नाही.” ती डहाळी मी दिवसभर हातात घेऊन हिंडलो. घरी येईपर्यंत ती सुकली होती.

हे सहा वर्षं बिनबोभाट चाललं. सातव्या वर्षी, आम्ही रानातून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुकानाचे एक जुने गिऱ्हाईक जेवायला होते. डोंगराकडच्या गावचे, सगळे त्यांना आबा म्हणत. काकांनी पत्रावळीवर बोट ठेवून कौतुकानं सांगितलं की आमची अक्का पानं स्वतः आणते, कालच ताजी आणली.

आबा घास तसाच धरून हसले. “शेट, फागुनमा पयसले पानं कथाईन उनात? आते बठ्ठा फुलंच शेतस.”

काकांनी पत्रावळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. अक्का वरणाचं भांडं घेऊन दारातच उभी राहिली. काका म्हणाले, “अक्का, आबांना वरण वाढ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात निघताना त्यांनी तिला ओसरीवर बोलावलं.

“तिथं जाऊन करतेस काय?”

“पाहते.”

“काय?”

“काय काय फुललंय ते.”

“आणि?”

“आणि घरी येते.”

काकांनी टोपी घातली आणि ते निघून गेले. जा असं म्हणाले नाहीत, जाऊ नकोस असंही नाही. त्यानंतर वर्षभर घरात कुणी तो विषय काढला नाही. वैशाखात सुपडूच्या बायकोनं पानं आणली. अक्कानं सगळ्यांच्या पत्रावळी लावून टाकल्या, माळ्यावर काही ठेवलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, “आता ते कशाला?” पुढचा फाल्गुन लागला तेव्हा परसात उभी राहून ती डोंगराकडे पाहत असलेली मला दिसे. मोटारीच्या रस्त्यापलीकडचा एक पळस तिथून दिसायचा, तेवढाच.

बाजाराच्या दिवशी सुपडू दुकानावरून चालला होता. काकांनी त्याला हाक मारली आणि उद्या पहाटे गाडी आण म्हणून सांगितलं. सुपडू माझ्याकडे पाहू लागला. त्यानं चाचरत विचारलं, पानांसाठी का?

काकांनी गल्ल्यातून सव्वा रुपया काढून जाण्यायेण्याचं भाडं त्याच्या हातावर आगाऊ ठेवलं. “गाडी रिकामी आली तरी भाडं तेवढंच,” ते म्हणाले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला लुगडं उलगडून दाखवू लागले.